नेटवर्क फाइल सिस्टिम क्लायंटमधले रेफरन्स लीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातून मला जे मेल येतात, त्यातले बरेचसे एकाच दुखण्याचे असतात. कॉलेजच्या लॅबचा सर्व्हर सांभाळणारी मुलं-मुली असतात, पतसंस्थेचं किंवा आंब्याच्या पॅकहाउसचं नेटवर्क बघणारे असतात, कर्नलचा सोर्स नुकताच वाचायला घेतलेलेही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एनएफएस आणि सीआयएफएस क्लायंटची आहेत. दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या या दोन पद्धती; फाइली देतो तो सर्व्हर, वापरतो तो क्लायंट. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

१. रेफरन्स लीक म्हणजे काय? मेमरी लीकच ना तो?

गावच्या घरी गणपतीला दहा-बारा जण उतरतात. नियम ठरलेला असतो: शेवटी निघेल त्याने मेन स्विच बंद करायचा आणि कुलूप लावायचं. आता घरात किती जण आहेत हे कोणी डोळ्यांनी बघत नाही, दारामागच्या पाटीवर फक्त आकडा लिहिला जातो असं समजा. आलात की एक वाढवा, निघालात की एक कमी करा. एखादे काका पहाटेची एसटी पकडायच्या घाईत आकडा कमी न करताच गेले, तर पाटीवर कायम १ राहतो. घर रिकामं असूनही दिवे चालूच राहतात.

कर्नलमध्ये उघडी फाइल, डेन्ट्री (फाइलच्या नावाची नोंद), आयनोड (खुद्द फाइलची नोंद), सुपरब्लॉक (जोडलेल्या अख्ख्या फाइल सिस्टिमची नोंद), सर्व्हरचं कनेक्शन या प्रत्येक ऑब्जेक्टला अशी पाटी असते. रेफरन्स घेणं म्हणजे 'गेट', सोडणं म्हणजे 'पुट'. एखादा गेट पुटशिवाय राहिला की रेफरन्स लीक झाला.

मेमरी लीकमध्ये ऑब्जेक्टचा पत्ताच हरवतो. रेफरन्स लीकमध्ये पत्ता शाबूत असतो आणि ऑब्जेक्ट यादीत व्यवस्थित दिसतो, फक्त आकडा शून्यावर येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, प्रश्न १० मध्ये लागेल. दुसरी गोष्ट: पाटीवर 'किती' लिहिलेलं असतं, 'कोण' लिहिलेलं नसतं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या 'कोण'चं उत्तर शोधण्यासाठी आहे.

२. यूमाउंट केलं की 'टार्गेट इज बिझी' येतं. म्हणजे लीक आहे का?

बहुतेक वेळा नाही. (माउंट म्हणजे सर्व्हरचा शेअर आपल्या फोल्डरांच्या झाडात जोडणं, यूमाउंट म्हणजे तो सोडवणं.) कोणीतरी खरोखर आत असतं. एखादी उघडी फाइल, त्या फोल्डरमध्ये उभा असलेला टर्मिनल, तिथून चालू झालेला प्रोग्रॅम, किंवा त्या माउंटच्या आत केलेला दुसरा माउंट. 'फ्यूजर'ला व्ही आणि एम हे पर्याय देऊन माउंटची जागा सांगा, तो माउंट वापरणाऱ्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, यादी देतो. यादीतलं नाव बंद केल्यावर यूमाउंट झालं, तर विषय तिथेच संपला.

उलट, खरा लीक असला तरी हा संदेश येईलच असं नाही. ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. एलएसओएफ आणि फ्यूजर दोन्ही रिकामे, तरी बिझीच. आता तरी लीक म्हणायचं का?

अजून नाही. एलएसओएफ उघड्या फाइलींची यादी देतं, फ्यूजर वर आलाच आहे. ही दोन्ही साधनं प्रोसेसकडे बघतात. पण काही धरणारे प्रोसेसच्या उघड्या फाइलींच्या यादीत दिसतच नाहीत, आणि नवशिक्याचे दोन-तीन दिवस इथेच जातात.

लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क म्हणून वापरायची सोय) हा नेहमीचा. शेअरवरची डिस्क इमेज लूपने जोडली असेल, तर फाइल कर्नलने स्वतः धरलेली असते. 'लोसेटअप' चालवून बघा. तोच फोल्डर या मशीनवरून पुढे एनएफएसने एक्स्पोर्ट केला असेल, तर एक्स्पोर्टची कॅश माउंट धरून ठेवते. स्वॅप फाइलचंही तसंच.

बाकीचे जरा आडवाटेला असतात. फाइल डिस्क्रिप्टर (प्रोसेसकडचा उघड्या फाइलचा क्रमांक) युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधल्या जोडणीवरून) दुसऱ्या प्रोसेसला पाठवला, पण समोरच्याने अजून उचललेला नाही: तो वाटेतच असतो, कोणाच्याच यादीत नसतो. आयओ-युरिंगमध्ये (वाचण्या-लिहिण्याची कामं कर्नलला रांगेने देण्याच्या सोयीत) नोंदवलेल्या फाइलीही नेहमीच्या डिस्क्रिप्टरच्या यादीत येत नाहीत, त्या युरिंगच्या स्वतःच्या 'एफडीइन्फो'मध्ये बघाव्या लागतात.

मशीनवर कंटेनर असतील तर त्यांच्या माउंट नेमस्पेसमध्ये (कंटेनरच्या स्वतंत्र माउंट-यादीत) तुमच्या माउंटची प्रत असू शकते. ती असली तर तुमच्या बाजूचं यूमाउंट सुरळीत होतं, पण सर्व्हरशी जोडणी सुटत नाही. यासाठी प्रत्येक प्रोसेसची 'माउंटइन्फो' फाइल चाळा. हे सगळं तपासून झाल्यावरच लीकचा संशय घ्या.

४. यूमाउंटला 'लेझी' पर्याय दिला की लगेच सुटतं. तेवढंच का करू नये?

कारण त्याने माउंट फक्त नजरेआड होतो. नाव झाडातून काढलं जातं, आत अडकलेला रेफरन्स तसाच राहतो, आणि शोधायला हाताशी असलेलं टोकही जातं. मशीन बंद करताना घाईत वापरलं तर ठीक. लीक शोधत असताना हा पर्याय वापरू नका.

५. स्लॅबटॉपमध्ये एनएफएसचे आयनोड लाखांत गेलेत आणि वाढतच आहेत. लीकच असणार?

स्लॅबटॉप कर्नलचे कोणते ऑब्जेक्ट मेमरीत किती आहेत ते दाखवतो, आणि त्यातले बरेचसे कॅश असतात. कॅशचं काम वाढणंच आहे. मेमरी रिकामी आहे तोवर कर्नल आयनोड आणि डेन्ट्री जपून ठेवतो, कारण पुन्हा सर्व्हरला विचारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आधी 'सिंक' चालवा, म्हणजे लिहायचं राहिलेलं सर्व्हरवर जाईल. मग ड्रॉप-कॅशेस या कर्नलच्या फाइलमध्ये २ लिहा, म्हणजे वापरात नसलेले आयनोड आणि डेन्ट्री सोडले जातील. आकडा धाडकन खाली आला तर ती कॅश होती. सिंक करूनही, सगळ्या फाइली बंद असूनही एक हट्टी शिल्लक राहत असेल, आणि दर फेरीला ती तेवढ्याच पटीने वाढत असेल, तर लीकचा माग काढायला घ्या.

६. शेअरवर '.एनएफएस' आणि पुढे लांबलचक आकडे अशा नावाच्या फाइली साचतात. त्या लीकच्या खुणा आहेत का?

उघडी असलेली फाइल कोणी डिलीट केली, तर एनएफएस क्लायंट ती लगेच न पुसता असं नाव देऊन बाजूला ठेवतो आणि शेवटचा वापरणारा गेला की पुसतो. त्या दिसणं स्वाभाविक आहे. क्लायंट मध्येच रीबूट झाला तर पुसायला कोणी उरत नाही आणि त्या सर्व्हरवर राहून जातात. क्लायंट चालू आहे, फाइल कोणाकडेच उघडी नाही, आणि तरीही ती पुसली जात नसेल, तर मात्र ओपन कॉन्टेक्स्टच्या (उघड्या फाइलमागची क्लायंटची नोंद, प्रश्न ८) लीकचा तो चांगला धागा आहे.

७. लीक कोडमध्ये साधारण कुठे सापडतात?

जिथे रोज वर्दळ असते तिथे सहसा नाही. उघडा, वाचा, लिहा, बंद करा ही वाट रोज लाखो वेळा तुडवली जाते, तिथला लीक पहिल्याच आठवड्यात कोणीतरी पकडतो. लीक राहतात चुकीच्या वाटेवर: सर्व्हरने उत्तर दिलं नाही, कनेक्शन मध्येच तुटलं, पुन्हा जोडताना सेशन जुनं झालं, मेमरी मिळाली नाही, वापरणाऱ्याने मध्येच सिग्नल पाठवला.

म्हणूनच हे प्रश्न कोकणातून इतके येतात असं माझं मत आहे. डेटा सेंटरमध्ये जी वाट वर्षातून एकदा चालली जाते, ती इथे जूनमध्ये दिवसातून चार वेळा चालली जाते. पहिला वळीव आला की लाइट जाते, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहतो, पण राउटर किंवा पलीकडचा टॉवर बंद पडतो. क्लायंट जिवंत आणि सर्व्हर गायब, ही नेमकी ती परिस्थिती. तुमच्या मशीनवर दिसणारा लीक पुण्या-मुंबईच्या मशीनवर दिसत नसेल, तर तुमचं निरीक्षण चुकलं असं समजू नका. तुम्ही ती वाट जास्त वेळा चालला आहात, इतकंच.

८. इतके सगळे काउंट आहेत. नेमका कोणता लीक झालाय हे कसं ओळखायचं?

लक्षणावरून बरंच कळतं, म्हणून आधी लक्षण नीट वाचा.

डेन्ट्रीचा रेफरन्स राहिला असेल तर अनमाउंटच्या वेळी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) 'डेन्ट्री स्टिल इन यूज' असं येतं. सोबत आयनोडचा क्रमांक, फाइलचं नाव आणि उरलेला काउंट असतो. ते नाव लिहून ठेवा. नेहमी एकाच प्रकारचं नाव येत असेल, उदाहरणार्थ दर वेळी फोल्डरच, तर निम्मं काम झालं. सीआयएफएस क्लायंटमध्ये फोल्डरची माहिती जपून ठेवणारा एक वेगळा भाग आहे, तिथे आधी बघा.

फक्त आयनोडचा राहिला असेल तर 'बिझी आयनोड्स आफ्टर अनमाउंट' हा संदेश येतो.

तिसरं लक्षण म्हणजे पूर्ण शांतता, आणि फसगत होते ती इथेच. एनएफएसमध्ये प्रत्येक उघड्या फाइलमागे एक ओपन कॉन्टेक्स्ट असतो. तो डेन्ट्री धरतो आणि त्याचबरोबर सुपरब्लॉकही जागा ठेवतो. हा कॉन्टेक्स्ट लीक झाला तर यूमाउंट यशस्वी होतं, काहीही तक्रार येत नाही, माउंटच्या यादीतून नाव जातं. पण सुपरब्लॉक मरतच नाही, त्यामुळे वरचे दोन्ही संदेश छापणारा कोड चालतच नाही. प्रॉकमधल्या (कर्नल आपली आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) 'एनएफएसएफएस' फोल्डरातली 'व्हॉल्यूम्स' फाइल उघडा: माउंट नसताना तिथे व्हॉल्यूम दिसत असेल, आणि ते कंटेनरमध्येही माउंट केलेलं नसेल, तर हेच झालंय. पुन्हा माउंट केलंत तर नवं सुपरब्लॉक बनत नाही, तेच जुनं परत हाती येतं. सीआयएफएसमध्येही उघड्या फाइलची नोंद सुपरब्लॉक धरून ठेवते. तिथे प्रॉकमधली 'डीबगडेटा' आणि 'ओपन-फाइल्स' बघायची.

साखळी अशी आहे: फाइल कॉन्टेक्स्ट धरते, कॉन्टेक्स्ट डेन्ट्री आणि सुपरब्लॉक धरतो, सुपरब्लॉकमागे सर्व्हरची नोंद, तिच्यामागे क्लायंटची, मग आरपीसी क्लायंट (सर्व्हरला विनंत्या पाठवणारा भाग), मग ट्रान्सपोर्ट (प्रत्यक्ष कनेक्शन). वरचं एक अडकलं की खालचे सगळे अडकलेले दिसतात. म्हणून खालचा काउंट जास्त दिसला की तोच लीक झाला असं धरू नका. जिवंत राहिलेल्यांपैकी सगळ्यात वरचा शोधा.

९. 'कोणी घेतला' हे प्रत्यक्षात कसं शोधायचं? पायरी-पायरीने सांगा.

आधी मोजायची वेळ ठरवा. ट्रॉलर समुद्रात असताना बंदरात उभं राहून होड्या मोजल्या तर कोणती हरवली हे कळणार नाही. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात, सगळ्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असताना मोजा, जी नाही ती लगेच दिसते. इथेही तसंच: सगळ्या फाइली बंद करा, सिंक करा, थोडं थांबा (किती, ते प्रश्न १३ मध्ये), आणि जो काउंट शून्य असायला हवा तोच बघा. चालू कामात घेतलेला आकडा निरुपयोगी आहे.

मग बीपीएफट्रेसने (चालू कर्नलमध्ये डोकावायचं साधन) तीन ठिकाणी प्रोब, म्हणजे फंक्शन चाललं की नोंद करणारे पहारे, लावा: ऑब्जेक्ट जन्मतो तिथे, गेटवर आणि पुटवर. जन्माचा प्रोब अनेक जण विसरतात. ऑब्जेक्ट तयार होताना काउंट थेट १ ठेवला जातो, गेट चालतच नाही, आणि मग पुट एकाने जास्त दिसतात. प्रत्येक वेळी ऑब्जेक्टचा पत्ता आणि कर्नलचा स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) नोंदवा. पत्त्यागणिक बेरीज-वजाबाकी करा, शून्य झालेली नोंद पुसून टाका, कारण तोच पत्ता पुढे दुसऱ्या ऑब्जेक्टला मिळतो. पुटचे एकाहून अधिक प्रकार असतात, सगळे धरा. आणि लहान फंक्शन कंपायलरने इनलाइन केलं असेल, म्हणजे बोलावणाऱ्या कोडमध्येच मिसळून टाकलं असेल, तर प्रोब तिथे लागतच नाही. प्रोब लागला, पण एकही नोंद नाही, असं झालं तर आधी हे तपासा.

गेल्या पावसाळ्यात मिरकरवाडा बंदराजवळच्या एका ऑफिसातलं मशीन माझ्याकडे आलं होतं. त्यावरचा एनएफएस क्लायंट एका पुरवठादाराने पॅच केलेला होता. तक्रार अशी, की चार-पाच दिवसांनी यूमाउंट होतं पण मॉड्यूल (कर्नलला जोडलेला एनएफएसचा कोड) निघत नाही. मी वरच्यासारखे प्रोब लावले, एक स्क्रिप्ट सतत फाइली उघड-बंद करत ठेवली, आणि राउटरची वायर हाताने काढून दीड मिनिटाने परत लावली. असं तीनदा केलं. मग सगळं थांबवून शिल्लक बघितली: तीन पत्ते, प्रत्येकावर १. तिन्ही पत्त्यांचा शेवटचा गेट एकाच स्टॅकमधून आलेला, कनेक्शन परत आल्यावर उघड्या फाइली पुन्हा मिळवणाऱ्या फंक्शनमधून.

सोर्समध्ये ते फंक्शन उघडलं. वर यादीतून कॉन्टेक्स्ट शोधून रेफरन्स घेतला होता. सगळ्यात खाली 'आउट' हे लेबल आणि त्याखाली पुट होता. मधल्या तपासण्या चुकल्या की सगळ्या 'आउट'कडे उडी मारत होत्या, फक्त एक सोडून. पॅचमध्ये घातलेली ती तपासणी सर्व्हरने मुदतीत उत्तर न दिल्यास सरळ रिटर्न करत होती. एका शब्दाची दुरुस्ती, रिटर्नच्या जागी उडी. शोधायला दीड दिवस लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ पुटचा दुसरा प्रकार मी धरला नव्हता म्हणून गेला.

१०. केमेमलीक चालवलं, काहीच सापडलं नाही. मग लीक नाही असं समजू?

नाही. केमेमलीक हे कर्नलमधलं मेमरी लीक शोधायचं साधन २००९ साली २.६.३१ या कर्नलमध्ये आलं. ज्या मेमरीकडे कोणाचाच पॉइंटर उरलेला नाही ती ते शोधतं. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे रेफरन्स लीक झालेला ऑब्जेक्ट यादीत, हॅश टेबलमध्ये बसलेलाच असतो, म्हणजे पॉइंटर शाबूत. त्याच्या नजरेत सगळं आलबेल. केएएसएएन हे दुसरं साधन सोडलेल्या मेमरीचा वापर पकडतं, आणि इथे तर मेमरी सुटतच नाही. म्हणून दोन्ही गप्प राहतात. मॉड्यूल काढताना स्लॅब (ऑब्जेक्टना मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) 'ऑब्जेक्ट्स रिमेनिंग' अशी तक्रार करतो, ती मात्र उपयोगी पडते.

११. लीक सापडला नाही, पण काउंट एकाने जास्त आहे हे नक्की. शेवटी एक जादा पुट टाकला तर?

कृपया टाकू नका. ज्या वाटेवर लीक नाही त्या वाटेवर तो पुट दुसऱ्याचा रेफरन्स सोडून टाकेल. लीकमुळे मेमरी वाया जाते. जादा पुटमुळे वापरात असलेला ऑब्जेक्ट मोकळा होतो आणि कोणाचा तरी डेटा खराब होतो. पतसंस्थेच्या खातेवहीवर हे झालेलं मला बघायचं नाही.

याच कारणासाठी २०१७ साली ४.११ कर्नलमध्ये 'रेफकाउंट-टी' हा वेगळा प्रकार आला. तो शून्याखाली गेला की 'अंडरफ्लो, यूज आफ्टर फ्री' असा इशारा देतो, आणि बिघडलेला काउंट एका ठरावीक आकड्यावर गोठवून ठेवतो. म्हणजे तो मुद्दाम लीक पत्करतो, कारण दोन्हींत तेच कमी घातक. डीमेसेजमध्ये आधी अंडरफ्लो आणि नंतर लीक दिसत असेल, तर लीकमागे लागू नका, आधी जादा पुट शोधा.

१२. कोड वाचताना गेट-पुटच्या जोड्या जुळवतो, पण काही फंक्शन घेतात का सोडतात तेच कळत नाही.

नावावर विश्वास ठेवला तर इथे हमखास चूक होते. काही फंक्शन नावात गेट नसताना रेफरन्स देतात. 'डी-फाइंड-अलायस' डेन्ट्री रेफरन्ससकट परत करतं, ती तुम्ही डीपुट (डेन्ट्रीचा पुट) करायची. सीआयएफएसमधलं लिहिण्याजोगी फाइल शोधणारं फंक्शनही उघड्या फाइलचा रेफरन्स घेऊनच परत येतं.

काही फंक्शन तुमचा रेफरन्स खातात. 'डी-स्प्लाइस-अलायस'ला आयनोड दिला की तो त्याचा झाला, चूक झाली तरीही. चुकीच्या वाटेवर तुम्ही पुन्हा आयपुट (आयनोडचा पुट) केलंत तर जादा पुट (प्रश्न ११). 'डी-मेक-रूट' आणि 'डी-ऑब्टेन-अलायस'ही अपयशी ठरले तरी आयनोड स्वतः सोडतात. शिवाय डी-स्प्लाइस-अलायस कधी नल (रिकामा पॉइंटर) देतं, कधी तुम्ही दिलेलीपेक्षा वेगळीच डेन्ट्री रेफरन्ससकट देतं. ती वेगळी डेन्ट्री हातात आली आणि पुढच्या तपासणीत चूक निघाली, की ती सोडायची राहते. असे लीक अनुभवी लोकांकडूनही होतात.

मी छापील कागदावर प्रत्येक फंक्शनसमोर तीन खुणा करतो: देतं, खातं, नुसतं वापरतं. यशाच्या आणि अपयशाच्या वाटेसाठी वेगवेगळ्या. मग एकेका रिटर्नपासून उलटं वर जातो. नवीन कोड लिहीत असाल तर २०२३ च्या ६.५ कर्नलपासून आलेली आपोआप सोडण्याची सोय वापरा. व्हेरिएबलची कक्षा संपली की पुट होतो आणि प्रश्न ९ मधली चूक करायला जागाच राहत नाही.

१३. सगळं बंद केलं तरी काउंट लगेच शून्य होत नाही. किती वेळ थांबायचं?

क्लोज म्हटल्यावर सगळं त्याच क्षणी सुटत नाही. फाइलचा शेवटचा पुट थोडा पुढे ढकलला जातो, एनएफएस ४ मध्ये क्लोजचा निरोप सर्व्हरला जाऊन उत्तर यावं लागतं, लिहायची राहिलेली पानं कॉन्टेक्स्ट धरून असतात, आणि काही ऑब्जेक्ट आरसीयूची मुदत (आधीपासून वाचत असलेले सगळे संपेपर्यंत थांबायची कर्नलची पद्धत) संपल्यावरच मोकळे होतात. सर्व्हर जिवंत असेल तर हे लवकर आटपतं. मी सिंकनंतर दोन मिनिटं थांबतो.

सर्व्हर जिवंत नसेल तर हिशेबच वेगळा. हार्ड माउंट हा मूळचा पर्याय आहे आणि तो कायम वाट बघतो. टीसीपीवर एका विनंतीची मुदत ६०० असते, एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे ६० सेकंद. ती संपली की पुन्हा प्रयत्न, अंत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत वीज यायला कितीतरी दिवस गेले. असा सर्व्हर परत येईपर्यंत धरलेला रेफरन्स लीक नव्हे. सर्व्हर परत आल्यावरही जो सुटत नाही, तो लीक.

१४. कंटेनर बंद केला की 'वेटिंग फॉर एलओ टू बिकम फ्री' दर दहा सेकंदांनी येतं. याचा फाइल सिस्टिमशी काय संबंध?

असू शकतो. 'एलओ' म्हणजे मशीनचं स्वतःशीच बोलायचं नेटवर्क डिव्हाइस, आणि कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) ते वेगळं असतं. क्लायंटने सर्व्हरशी उघडलेलं कर्नलमधलं सॉकेट कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसपेक्षा जास्त जगलं, तर ते नेटवर्क डिव्हाइसचा रेफरन्स धरून बसतं आणि हा संदेश येतो. याचा जुळा भाऊ जास्त अवघड आहे: नेमस्पेसचाच रेफरन्स लीक झाला तर संदेश येतच नाही, नेमस्पेस गुपचूप जिवंत राहतो. २०२२ च्या ५.१७ कर्नलपासून 'रेफ-ट्रॅकर' आहे. तो चालू करून कर्नल बांधला तर प्रत्येक गेटचा स्टॅक ठेवला जातो आणि न सुटलेल्यांची यादी मिळते. पाटीवर आकड्याऐवजी नावं लिहिण्याचीच ती सोय. मशीन हळू होतं, म्हणून चाचणीच्या मशीनवरच वापरा.

१५. दुरुस्ती केली. ती लागू पडली हे कशावरून ठरवायचं?

लीक होणारी वाट आधी मुद्दाम चालता आली पाहिजे. जुन्या कर्नलवर दर फेरीला नेमका एक रेफरन्स राहतो असं दाखवता आलं नाही, तर नव्यावर शून्य दिसलं तरी काहीच सिद्ध होत नाही. वायर काढण्यापेक्षा फायरवॉलच्या नियमाने सर्व्हरचा पोर्ट ठरावीक सेकंद अडवा, म्हणजे प्रत्येक फेरी सारखी होते. मेमरी न मिळण्याची वाट कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनने चालता येते. जुन्यावर पन्नास फेऱ्यांत पन्नास राहिले आणि नव्यावर शून्य, तर मी पॅचवर सही करतो. नव्यावर एक-दोन राहिले तर तो दुसरा लीक आहे, पहिल्याच्या आड लपलेला. तो वेगळा शोधा, वेगळ्या पॅचमध्ये पाठवा.

१६. सोर्स बदलणं माझ्या हातात नाही. पॅच येईपर्यंत काय करू?

लाइट जाते तेव्हा क्लायंट आणि सर्व्हर दोघांमधला स्विच आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. लीकची वाटच कमी वेळा चालली जाईल. आठवड्यातून एकदा ठरवून रीबूट करा, आणि त्याआधी प्रॉकमधल्या वरच्या फाइली एका तारीख घातलेल्या फाइलमध्ये साठवा. कर्नलची आवृत्ती, माउंटचे पर्याय आणि लाइट कधी गेली-आली त्याच्या वेळा सोबत लिहा. पुरवठादाराला किंवा मला कळवताना हे एवढं पाठवलंत, तर पहिल्या दोन मेलची ये-जा वाचते.